दवाखान्याची पायरी

चेन्नई शहराच्या पश्चिमेस, अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुमारे वीस-बावीस किलोमीटर अंतरावर आवडी नावाचे ठिकाण आहे. मराठी कानाला हे नाव प्रथमश्रवणीच आपलेसे वाटावे असे आहे. आज तेथे रणगाड्यांचा मोठा कारखाना आहे आणि २०१९ पासून स्वतंत्र महानगरपालिकाही आहे. परंतु देशाच्या इतिहासात या गावाचे नाव नोंदले गेले ते १९५५ सालच्या जानेवारी महिन्यात. राष्ट्रीय सभेचे साठावे अधिवेशन त्या वर्षी उच्छंगराय ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली आवडी येथे भरले, आणि समाजवादी धर्तीची समाजरचना हे देशाच्या नियोजनाचे उद्दिष्ट असावे असा ठराव तेथे संमत झाला. पुढल्याच वर्षी सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर या ठरावाची छाया पडलेली दिसते. म्हणूनच 'आवडीचा ठराव' हा शब्दप्रयोग त्या काळच्या वृत्तपत्रांतून आणि व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येई.

त्या ठरावाची चर्चा पुष्कळ झाली; परंतु ती बहुतांशी कारखाने, जमीन आणि भांडवल यांच्यासंबंधी होती. समाजरचना खरोखर बदलली की नाही हे पाहण्याची आणखी एक साधी कसोटी आहे. एखादी मजूर स्त्री बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात पोहोचू शकते काय? ज्याचे पाय अधू आहेत, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, असा मनुष्य औषधासाठी तेथवर जाऊ शकतो काय? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. दवाखान्याची गोष्ट अगदी उलट आहे. तेथे पायरी चढण्याची गरज सर्वांनाच पडते, आणि ज्यांना ती सर्वांत अधिक पडते त्यांनाच ती सर्वांत उंच वाटते. गरीब माता आणि अपंग यांच्या आरोग्यसेवेचा इतिहास हा औषधांचा किंवा शस्त्रक्रियांचा इतिहास नव्हे. ही पायरी कोणी, केव्हा आणि कशी खाली आणली याचा तो इतिहास आहे. आवडीच्या पूर्वेला मद्रास आणि त्याच लोहमार्गाने पश्चिमेला वेल्लोर, अशा या पट्ट्यात आणि तिकडे मुंबई-पुण्याकडे, तो जवळजवळ एकाच वेळी घडत गेला.

प्रारंभी अडचण इमारतीची नव्हती. मद्रासला प्रसूतीसाठी स्वतंत्र रुग्णालय १८४४ सालीच निघाले होते. एग्मोर येथील स्त्रिया व मुले यांचे मोठे सरकारी रुग्णालय हे त्याचेच पुढले रूप होय. अडचण होती ती उंबरठ्याची. परपुरुषाने, मग तो वैद्य का असेना, बाळंतिणीच्या अंगाला हात लावावा ही कल्पनाच अनेक घरांना असह्य होती. मेरी शार्लिब नावाची इंग्रज बॅरिस्टरची पत्नी मद्रासला राहत असे. तिने हे जवळून पाहिले. स्त्रियांना तपासण्यासाठी स्त्री डॉक्टरच हवी हे ओळखून १८७५ साली तिने मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. तिच्यासह चार स्त्रियांना तेथे प्रवेश मिळाला. पुढे लंडनची पदवी घेऊन ती परत आली आणि १८८५ साली तिच्या प्रयत्नाने केवळ स्त्रियांसाठी एक रुग्णालय मद्रासला सुरू झाले. ट्रिप्लिकेनमधील आजचे कस्तुरबा गांधी रुग्णालय ते हेच. त्याचे पहिले नाव मात्र लक्षात घेण्याजोगे आहे: उच्चवर्णीय आणि गोषातील स्त्रियांसाठी असलेले व्हिक्टोरिया रुग्णालय. एक पायरी खाली आली. पण ती कोणासाठी आली हे दारावरच्या पाटीवरच लिहिलेले होते.

वेल्लोरची हकीकत याहून हृदयद्रावक आहे. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनरी डॉक्टरची मुलगी. वैद्यकाची तिला मुळीच ओढ नव्हती. वडिलांकडे मद्रास इलाख्यातील तिंडिवनम येथे ती राहत असता एकाच रात्री तीन निरनिराळ्या घरचे पुरुष, आपली पत्नी अडली आहे, आपण चलावे, अशी विनवणी करीत तिच्याकडे आले. तिने वडिलांकडे बोट दाखविले. परंतु पुरुषाला आत येऊ देण्यास त्यांतील एकही तयार होईना. सकाळपर्यंत त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्या होत्या. आयडा अमेरिकेस परत गेली, डॉक्टर झाली, आणि १९०० साली वेल्लोरला येऊन तिने एका खाटेवर काम सुरू केले. तिने केलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची म्हटली पाहिजे. रोग्याने आपल्याकडे यावे अशी वाट पाहत न बसता ती ठराविक दिवशी ठराविक रस्त्याने निघे आणि वाटेवरच्या झाडांखाली थांबून रोगी तपाशी. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे दवाखान्यानेच गेले पाहिजे हा विचार पुढे सरकारी अहवालांतून आला. येथे तो त्यापूर्वी कित्येक वर्षे प्रत्यक्षात उतरला होता.

महाराष्ट्रात याच सुमारास आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घडले. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून जे निघाले ते नुसते अश्रू नव्हते. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु तो कारभार हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १८८६ हे साल आणखी दोन कारणांनी संस्मरणीय आहे. मुंबईत स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी कामा रुग्णालय उघडले ते याच वर्षी, आणि तिकडे दक्षिणेत पुदुकोट्टै संस्थानात मुथुलक्ष्मी नावाची मुलगी जन्मास आली तीही याच वर्षी. या मुलीचे नाव पुढे पुन्हा यावयाचे आहे.

डॉक्टरीण मिळाली म्हणजे सर्व साधले असे नव्हते. हजारो खेड्यांतून बाळंतिणीजवळ असे ती गावची सुईण. तिच्या हाताला अनुभव होता, परंतु जंतूंचे ज्ञान नव्हते. आणि ते तिला देण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सुशिक्षित परिचारिका आणि सुइणी निर्माण व्हाव्यात म्हणून पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, ससून रुग्णालयाच्या साहाय्याने शिक्षण सुरू केले. पांढरपेशा घरातील विधवेने परक्या रोग्याची शुश्रूषा करावी ही गोष्ट तेव्हाच्या समाजाला पचण्यासारखी नव्हती. तरीही त्या स्त्रिया शिकल्या. दवाखान्याचा उंबरठा रोगी स्त्रीने ओलांडण्यासाठी आधी निरोगी स्त्रीने आपल्या घरचा उंबरठा ओलांडावा लागला, हे या कालखंडाचे सार होय.

येथवरची पायरी लाजेची आणि रूढीची होती. दुसरी पायरी पैशाची. आणि ती गिरणगावात ठळकपणे दिसून आली. मुंबईच्या कापड गिरण्यांतून रिळे भरण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत कोकणातल्या आणि देशावरच्या हजारो मराठी स्त्रिया काम करीत. दिवस भरेपर्यंत त्या उभ्याने राबत. बाळंत झाल्यावर शक्य तितक्या लवकर पुन्हा कामावर येत. आणि तान्हे मूल रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देऊन घरी निजवून ठेवीत. हे अज्ञानाने होत असे हे अर्धेच खरे. खाडा पडला की मजुरी बुडते आणि मजुरी बुडली की चूल पेटत नाही, हे त्यामागचे खरे कारण होते. रुग्णालय फुकट असले तरी तेथे घालविलेला दिवस फुकट नसतो.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाच्या आधी व नंतर कामगार स्त्रीला विसावा आणि निर्वाहाचे साधन मिळाले पाहिजे असा करार तेथे झाला. त्या परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते नारायण मल्हार जोशी. त्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. मग मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसाच प्रयत्न केला. १९२८ सालच्या जुलैमध्ये त्या विधेयकावर झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले ते आजही मननीय आहे. विरोधकांचा मुद्दा असा की, हा बोजा मालकावर पडेल आणि उद्योग तोट्यात येतील. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. परंतु त्याच वेळी प्रश्नाच्या मुळाशीही हात घातला. मातेला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्या खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावयास पाहिजे, आणि जोपर्यंत सरकार तो उचलीत नाही तोपर्यंत तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने तो टाळता कामा नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

१९२९ साली मुंबईचा कायदा झाला. दिवसाला आठ आण्यांच्या हिशोबाने काही आठवड्यांची भरपाई गिरणीकामगार स्त्रीला मिळू लागली. १९३४ साली मद्रास इलाख्यानेही तसा कायदा केला. आठ आणे ही रक्कम लहान होती. पण त्यामागचे तत्त्व मोठे होते. बाळंतपण हे दुखणे नव्हे आणि गुन्हाही नव्हे. ते समाजाचे काम आहे आणि ते करणारीला उपाशी ठेवता येत नाही, हे हिंदुस्थानातल्या कायद्याच्या भाषेत प्रथम येथे मान्य झाले.

तथापि या कायद्यांनी आंबेडकरांच्या इशाऱ्यातील अर्धा भाग सोडून दिला होता. खर्च सर्वस्वी मालकावर ठेवल्यामुळे स्त्रीला कामावर घेणेच मालकाला महाग वाटू लागले. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. त्याला यंत्रांतील सुधारणा आणि रात्रपाळीवरील बंदी अशी इतरही कारणे होती; परंतु हे एक कारण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. जिच्यासाठी कायदा झाला तिलाच त्या कायद्याने दाराबाहेर लोटावे, असा हा विपरीत प्रकार. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने हा भार अनेकांच्या वर्गणीवर वाटून दिला, आणि १९६१ साली प्रसूतिसाहाय्याचा केंद्रीय कायदा झाला. परंतु शेतावरची मजूर, विटा वाहणारी, मासे विकणारी, घरोघर भांडी घासणारी स्त्री या सर्व कायद्यांच्या बाहेरच राहिली. तिचा मालक कोण हेच ज्या नोंदवहीत सापडत नाही, त्या नोंदवहीत तिचे नाव कसे सापडावे?

तिसरी पायरी अंतराची. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. गर्भारपण व बाळंतपण यांच्याशी निगडित कारणांनी देशात दरवर्षी सुमारे २ लाख स्त्रिया मरतात, दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, असा तिचा अंदाज होता. पैसे देण्याची ऐपत नाही या कारणाने कोणीही उपचारावाचून राहू नये हे समितीने आपल्या योजनेचे पायाभूत तत्त्व मानले, आणि आरंभी दर ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिका, सुइणी आणि शिकविलेल्या दाया असाव्यात, अशी शिफारस केली. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर ही केंद्रे निघू लागली. आवडीच्या मंडपात समाजरचनेचा ठराव संमत होत होता तेव्हा या प्रयोगाला जेमतेम दोन-सव्वादोन वर्षे झाली होती.

प्रत्यक्षात मात्र ४० हजारांमागे एक नव्हे, तर अख्ख्या विकास गटामागे एक केंद्र निघाले. इमारत झाली तर डॉक्टर नाही आणि डॉक्टर आला तर औषध नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी राहिली. १९५९ साली नेमलेल्या दुसऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे स्वतः मद्रासचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ होते. भोर समितीचेही ते सभासद होते. नवी केंद्रे वाढविण्यापूर्वी आहेत ती सुसज्ज करा, असे त्यांच्या समितीला सांगावे लागले. आपणच पुरस्कारिलेल्या योजनेची उणीव आपणच उघड करून दाखविणे हा प्रामाणिकपणा सार्वजनिक कारभारात दुर्मिळ असतो.

परंतु केंद्राची इमारत सुसज्ज झाली तरी एक प्रश्न उरतोच. दवाखान्याच्या नोंदवहीत कोण आले हे लिहिलेले असते. कोण आले नाही हे तिच्यात कधीच लिहिलेले नसते. या न आलेल्यांचा शोध महाराष्ट्रात दोन ठिकाणी घेतला गेला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात काम सुरू केले. बाहेरून नेमलेली परिचारिका खेड्यात टिकत नाही हा अनुभव आल्यावर त्यांनी गावातलीच स्त्री निवडली. ती बहुधा निरक्षर, अनेकदा दलित समाजातली, कित्येकदा टाकलेली. तिला गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि मुलांचे पोषण शिकविले. जिच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली बाळंतीण सोपविली. आरोग्याबरोबर समाजरचना बदलते ती अशी.

दुसरे ठिकाण गडचिरोली. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता विकार होता. आणि यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. या दोन आकड्यांमधील दरीत सर्व कथा सामावलेली आहे. दवाखान्याच्या नोंदवहीवरून पाहिले असते तर त्या खेड्यांत दुखणे जवळजवळ नव्हतेच.

येथवर मातेच्या वाटेतील तीन पायऱ्या पाहिल्या. अपंगांच्या बाबतीत प्रारंभच निराळा आहे; कारण त्यांच्यासाठी पायरी ही उपमा नव्हे, ती दगडाची असते. आणि तिच्याही आधी आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे गणती. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत अंध, बहिरे-मुके, महारोगी यांची नोंद होत असे; अपुरी असली तरी होत असे. १९४१ पासून ती सोडून देण्यात आली आणि १९८१ पर्यंत पुन्हा झाली नाही. म्हणजे आवडीच्या ठरावाच्या वेळी या देशात किती माणसे अपंग आहेत हे शासनाला ठाऊकच नव्हते. मातेला उशिरा का होईना मते होती, मजुरी होती, संघटना होती. ज्यांची मोजदादच नाही त्यांच्यासाठी तरतूद कोठून येणार? महारोग्यांसाठी तर १८९८ चा कायदा होता. पण तो त्यांना दवाखान्यात आणण्यासाठी नव्हता, समाजापासून दूर कोंडून ठेवण्यासाठी होता. तो रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. त्या कायद्याच्या छायेत, १९५१ साली, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. रोगमुक्त झालेल्या माणसाला औषधाइतकेच काम हवे असते, हे त्यांनी करून दाखविले.

शरीराने अधू झालेल्या मुलांसाठी पहिले पाऊल एका आईने टाकले. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला लहानपणी पोलिओ झाला. उपचारासाठी त्यांनी तिला मद्रासच्या अस्थितज्ज्ञाकडे नेले. आपल्याला मद्रास गाठणे शक्य झाले. ज्यांना ते शक्य नाही त्या आयांनी काय करावे, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. १९४७ साली त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. त्यातूनच पुढे हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ साली, म्हणजे आवडीच्याच वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. ठरावाच्या शब्दांत अपंगांचा स्वतंत्र विचार नव्हता. परंतु काळाची पावले त्या दिशेने पडू लागली होती.

आणि आवडीवरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गाने पुढे गेल्यास लागणाऱ्या वेल्लोरला, अधिवेशनाच्या एक वर्ष आधी, जानेवारी १९५४ मध्ये, एक घटना घडली होती. डॉ. मेरी वर्गीस या आयडा स्कडरने स्थापिलेल्या संस्थेतील तरुण डॉक्टर. स्त्रीरोग आणि प्रसूती हा विषय त्यांनी आपल्या आयुष्याचे कार्य म्हणून निवडला होता. मोटारीच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. प्रसूतितज्ज्ञ होणे आता शक्य नव्हते. परंतु बसून करता येण्याजोगी शस्त्रक्रिया त्यांनी शोधली. महारोगाने वाकडी झालेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला सुरू केल्या होत्या. मेरी वर्गीस चाकांच्या खुर्चीत बसून त्या करू लागल्या. पुढे अमेरिकेत पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या परत आल्या, वेल्लोरच्या त्या विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि १९६६ साली कण्याची इजा झालेल्या रोग्यांना ठेवून घेऊन शिकविणारी संस्था तेथे निघाली. रोगी खुर्चीत आणि डॉक्टरही खुर्चीत, हे दृश्य त्या काळी विलक्षणच वाटले असेल. पण इमारतीत उतार कोठे हवा, दार किती रुंद हवे, खाट किती उंच हवी, हे ज्याला स्वतःला चाकांवरून फिरावे लागते त्याच्याहून अधिक कोणाला कळणार?

यानंतर कायद्याला जाग आली, परंतु सावकाश. अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि आरोग्यसेवा हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय ठरविला. रुग्णालयाच्या प्रत्येक भागात अडथळ्यावाचून जाता आले पाहिजे, तपासणीत अपंगांना अग्रक्रम मिळाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे; आणि अपंग स्त्रीच्या प्रजननविषयक आरोग्याची सेवा हीही शासनाची जबाबदारी म्हणून नमूद केली आहे. २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. त्यांत लाखो स्त्रिया आहेत, आणि त्यांतील अनेक माता आहेत. इतिहासाचे दोन्ही प्रवाह त्यांच्या ठायी एकत्र येतात. तपासणीचे टेबल उंच असते; बहिऱ्या स्त्रीचे नाव पुकारले जाते आणि ती ऐकत नाही म्हणून तिची पाळी जाते; आंधळ्या गर्भवतीला, 'तुला मूल कशाला हवे?' असा प्रश्न विचारला जातो. या शेवटच्या प्रश्नाला कोणताही उतार बांधून भागत नाही.

आता मुथुलक्ष्मी या नावाकडे वळता येईल. पुदुकोट्टैची ही मुलगी १९१२ साली मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. १९२७ साली मद्रास कायदेमंडळाची सभासद आणि उपाध्यक्ष झाली. निराश्रित मुलींसाठी तिने अव्वै आश्रम काढला आणि अड्यारची कर्करोगसंस्था हे तर तिचे चिरस्मारक होय. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे १९६८ साली निधन झाले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी तामिळनाडू शासनाने त्यांच्या नावाने गरीब मातांसाठी साहाय्याची योजना सुरू केली. तिचे वैशिष्ट्य असे की, स्त्री कोणाकडे कामाला आहे हे येथे विचारले जात नाही. ती गरीब आहे आणि माता होणार आहे एवढे पुरते, आणि पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. २००६ साली ही रक्कम ६ हजार रुपये, २०११ साली १२ हजार आणि २०१८ पासून पोषक वस्तूंसह १८ हजार झाली. मातेच्या विश्रांतीचा खर्च शासनाने उचलावा हा विचार १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आंबेडकरांनी मांडला होता. तो प्रत्यक्षात येण्यास साठेक वर्षे लागली, आणि तो आला तो मद्रासच्या एका डॉक्टर स्त्रीच्या नावाने. विचारांचा प्रवास प्रांतांच्या सीमा जाणीत नाही.

परिणाम आकड्यांतही दिसतो. भोर समितीच्या काळी दर लाख जन्मांमागे सुमारे २ हजार माता मरत. २०१८ ते २०२० या काळाच्या नोंदीप्रमाणे हे प्रमाण देशात ९७, तामिळनाडूत ५४ आणि महाराष्ट्रात ३३ इतके खाली आले. ही प्रगती लहान म्हणता येणार नाही. परंतु लाखामागे उरलेल्या त्या ३३ किंवा ५४ स्त्रिया कोण होत्या, त्यांना कोणती पायरी चढता आली नाही, हे विचारल्यावाचून पुढला आकडा खाली येणार नाही. आणि अपंग मातांचा असा आकडा तर या नोंदींतून वेगळा काढलेलाच नाही. तेथे अजून १९४१ चीच परिस्थिती आहे.

या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. मेरी शार्लिब, आयडा स्कडर, ना. म. जोशी, आंबेडकर, फातिमा इस्माईल, आरोळे दांपत्य, मेरी वर्गीस, यांच्यांत धर्माचे, भाषेचे आणि मतांचे साम्य फारसे नव्हते. साम्य होते ते एका प्रश्नाचे. जे दारात उभे आहेत त्यांची व्यवस्था लावून ते थांबले नाहीत. जे दारापर्यंत आलेच नाहीत ते का आले नाहीत, असे त्यांनी विचारले. आवडीचा मंडप केव्हाच उठला. त्या ठरावाचे शब्द राजकारणाच्या चर्चेत जुने झाले. परंतु त्यांची कसोटी जुनी झालेली नाही. एखाद्या आडगावच्या आरोग्य केंद्रासमोर दिवस भरलेली, कुबडी घेतलेली एक स्त्री येऊन उभी राहील आणि कोणाचाही हात न धरता आत जाईल, तेव्हा त्या ठरावाची अंमलबजावणी तेवढ्यापुरती झाली असे खुशाल समजावे.